बाहेरचे औषध, आतली जबाबदारी

रात्रीचे अकरा वाजून गेलेले असतात. शहराच्या जुन्या वस्तीतील एखाद्या वीस खाटांच्या नर्सिंग होममध्ये नुकताच एक रुग्ण दाखल झालेला असतो. डॉक्टर तपासून जातात आणि परिचारिका एक चिठ्ठी नातेवाइकाच्या हाती देते. तीवर दोन इंजेक्शने, सलाइनच्या बाटल्या, सुया, नळी आणि तीन प्रकारच्या गोळ्या लिहिलेल्या असतात. अक्षर लागत नाही. पण ते नातेवाइकाला लागावे अशी कोणाची अपेक्षाही नसते. तळमजल्यावरचे नर्सिंग होमचे औषध दुकान उघडे असले तर तेथून, नसले तर दोन चौक ओलांडून रात्रभर चालणाऱ्या दुकानातून तो ही सारी सामग्री प्लास्टिकच्या पिशवीत घेऊन येतो आणि परिचारिकेच्या टेबलावर ठेवतो. पुढच्या दहा मिनिटांत पिशवीतील एक कुपी फोडली जाते आणि तिच्यातील द्रव रुग्णाच्या शिरेत जातो.

या दहा मिनिटांत पिशवीतील औषध आणि चिठ्ठीवरील औषध एकच आहे याची खात्री कोणी केली? दुकानातील मुलाने केली असे नातेवाईक मानतो, नातेवाइकाने नीट पाहून आणले असेल असे परिचारिका मानते आणि परिचारिका पाहीलच असे डॉक्टर मानतात. प्रत्येक जण दुसऱ्यावर विसंबून असतो. आपल्याकडे नर्सिंग होममधील औषधांविषयी जी चर्चा चालते, तिच्यात हा प्रश्न फारसा येत नाही. तेथे वाद रंगतो तो दुसऱ्याच प्रश्नावर : औषध आतल्या दुकानातून घ्यायचे की बाहेरच्या?

हा दुसरा प्रश्न खोटा आहे, असे कोणी म्हणणार नाही. पगारदार माणसाच्या घरात एक मोठे आजारपण आले म्हणजे दहा वर्षांची शिल्लक कशी वितळते, हे शिक्षकांना आणि कारकुनांना वेगळे सांगावयास नको. परंतु किमतीच्या या रास्त भांडणात सुरक्षिततेचा मुद्दा दोन्ही बाजूंनी वापरला गेला आणि दोन्ही बाजूंनी विसरला गेला. म्हणूनच त्याचा स्वतंत्रपणे विचार करणे आवश्यक झाले आहे.

किमतीचे भांडण

प्रथम हे भांडण काय आहे ते पाहू. राष्ट्रीय औषध किंमत निर्धारण प्राधिकरणाने फेब्रुवारी २०१८मध्ये राजधानी परिसरातील चार खाजगी रुग्णालयांच्या बिलांची छाननी करून जो अहवाल प्रसिद्ध केला, त्यात काही वस्तूंवर खरेदी किमतीच्या मानाने १७३७ टक्क्यांपर्यंत नफा घेतला गेल्याचे नमूद होते. यात छापील किमतीचा कायदा मोडलाच होता असे नाही. रुग्णालय घाऊक खरेदी करते, उत्पादकाला चढी किंमत छापावयास लावते आणि त्या छापील किमतीने रुग्णाला विकते. मधली तफावत रुग्णालयाच्या पदरात पडते. २०१३च्या किंमत नियंत्रण आदेशात यादीतील औषधांच्या कमाल किमतीत किरकोळ विक्रेत्याचा नफा सोळा टक्के धरलेला आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे या आकड्याचा अर्थ कळतो. खाटेवर पडलेला रुग्ण हा असा ग्राहक आहे, की ज्याला दुसऱ्या दुकानात जाण्याची सोय नाही.

रुग्णालयाच्याच दुकानातून औषधे घेण्याच्या सक्तीविरुद्ध २०१८ साली सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल झाली. तिचा निकाल ४ मार्च २०२५ रोजी लागला. अशी सक्ती करता येते, असे केंद्र सरकारचेही म्हणणे नव्हते. तथापि न्यायालयाने सर्व देशासाठी एकच बंधनकारक आदेश देण्याचे टाळले आणि राज्य सरकारांनी या प्रश्नाचा विचार करून योग्य ते धोरण ठरवावे, असे सांगितले. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८मध्ये तयार केलेल्या रुग्ण हक्कांच्या सनदेत औषध कोठून घ्यावयाचे हे ठरविण्याचा हक्क आधीच नोंदविलेला होता. महाराष्ट्रात १९४९च्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्याखालील नियम २०२१मध्ये सुधारण्यात आले आणि रुग्ण हक्कांच्या सनदेला त्यांत स्थान मिळाले. पुढे २०२५ साली राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने, येथूनच औषधे खरेदी करणे बंधनकारक नाही, असे फलक रुग्णालयांतील औषध दुकानांत लावण्याचे निर्देश दिले.

येथवर जे झाले ते स्वागतार्हच आहे. मात्र फलक लागला म्हणजे प्रश्न सुटला, असे मानण्याची घाई करू नये. फलक रुग्णाच्या नातेवाइकाला एवढेच सांगतो, की तू बाहेर जाऊ शकतोस. तो बाहेरून परत आल्यानंतर काय व्हावे, याविषयी फलक मौन पाळतो. आणि नेमक्या त्याच ठिकाणी परिचारिकेच्या टेबलापाशी नातेवाइकाला ते वाक्य ऐकावयास मिळते, जे ऐकले नाही असा माणूस आज विरळा : ‘बाहेरून आणा, पण मग आमची जबाबदारी नाही.’ काही ठिकाणी तसे लिहूनही घेतले जाते. हक्क दिला गेला, पण त्याची किंमत म्हणून रुग्णाची सुरक्षितता तारण ठेवली गेली, असा याचा अर्थ होतो.

आतले ते सुरक्षित काय?

रुग्णालयांची बाजू थोडक्यात अशी असते : बाहेरचे औषध खरे की बनावट, ते कसे साठविले होते, मुदत उलटून गेली आहे काय, हे आम्हांस ठाऊक नसते, आमच्या दुकानातील मालाची आम्ही खात्री देऊ शकतो. या युक्तिवादात तथ्य नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. बनावट औषधांचा व्यापार हे या देशातील वास्तव आहे आणि रोग्याला काही झाले तर जमाव डॉक्टरांच्याच दारावर जातो, हेही वास्तव आहे.

परंतु ‘आतले’ आणि ‘सुरक्षित’ हे दोन शब्द समानार्थी नाहीत, याचा सर्वांत दारुण पुरावा महाराष्ट्रानेच पाहिलेला आहे. १९८६च्या जानेवारी-फेब्रुवारीत मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डोळ्यांतील व मेंदूवरील दाब उतरविण्यासाठी ग्लिसरॉल दिले गेलेले रुग्ण मूत्रपिंडे निकामी होऊन दगावू लागले. चौदा जणांचा बळी गेला. त्या ग्लिसरॉलमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे औद्योगिक उपयोगाचे विषारी रसायन होते. ते औषध कोणी नातेवाइकाने कोपऱ्यावरच्या दुकानातून आणलेले नव्हते. ते सरकारी रुग्णालयाच्या स्वतःच्या भांडारातून, रीतसर खरेदीच्या मार्गाने खाटेपर्यंत पोहोचले होते. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने त्या साऱ्या साखळीची जी चिरफाड केली, तिने त्या वेळी राज्याचे राजकारण हादरले होते.

त्यानंतर जवळजवळ चाळीस वर्षांनी, २०२५च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात, मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याच्या औषधाने वीसहून अधिक बालके दगावली. त्यांतील अनेकांवर नागपुरात उपचार चालू होते. तामिळनाडूत तयार झालेले ते औषध दुकानांतून विकत घेतलेले होते आणि तपासणीत त्यात डायएथिलीन ग्लायकॉलचे प्रमाण ४८.६ टक्के आढळले. एकदा औषध आतून आले, एकदा बाहेरून आले; विष मात्र तेच होते. औषध कोणत्या दारातून आले, यावर त्याची शुद्धता ठरत नाही. ते प्रत्येक टप्प्यावर कोणी तपासले, यावर ती ठरते. म्हणून ‘आमच्याच दुकानातून घ्या’ या आग्रहाला सुरक्षिततेचा आधार द्यावयाचा असेल, तर आपल्या दुकानातील मालाची कोणती तपासणी आपण करतो, हे रुग्णालयाने आधी दाखविले पाहिजे. ती तपासणी खरोखर होत असेल, तर तीच बाहेरून आलेल्या औषधालाही लावण्यात अडचण कोणती?

बाहेरचे ते निर्धोक काय?

मात्र हाच न्याय दुसऱ्या बाजूलाही लावला पाहिजे. ग्राहकांच्या हक्कांचा पुरस्कार करणारे आपण बहुतेक जण असे गृहीत धरतो, की कुपीवरचे नाव जुळले आणि किंमत कमी पडली म्हणजे काम झाले. औषधाच्या बाबतीत हे गृहीत किती धोक्याचे आहे, याची एक-दोन उदाहरणे पुरेशी आहेत.

इन्सुलिनचेच पाहा. आपल्याकडे इन्सुलिनच्या कुप्या दोन तीव्रतांच्या मिळतात : एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट असलेल्या आणि १०० युनिट असलेल्या. प्रत्येकीसाठी सिरिंज वेगळी असते. ४०च्या सिरिंजचे टोपण लाल, १००च्या सिरिंजचे नारिंगी. नातेवाइकाने १०० युनिटांची कुपी आणि ४०ची सिरिंज आणली आणि घाईत परिचारिकेने २०च्या रेषेपर्यंत औषध ओढले, तर रुग्णाच्या अंगात २० नव्हे, ५० युनिट जातात. उलट जोडी जमली तर २०च्या जागी केवळ ८ युनिट जातात. पहिल्या चुकीने रक्तातील साखर एकदम उतरून रुग्ण बेशुद्ध होऊ शकतो. दुसरीने साखर चढतच राहते आणि डॉक्टर औषध लागू पडत नाही म्हणून मात्रा वाढवितात. येथे दुकानदाराने फसविलेले नाही, औषध बनावट नाही, मुदत संपलेली नाही, पावतीही पक्की आहे. केवळ दोन निर्दोष वस्तूंची चुकीची जोडी पिशवीत एकत्र आली.

नावांचे प्रकरण याहून गुंतागुंतीचे आहे. डोपामिन आणि डोब्युटामिन, मेटफॉर्मिन आणि मेट्रोनिडॅझोल ही नावे शांतपणे वाचली तर निराळी वाटतात. रात्री बाराच्या चिठ्ठीवर ती तशी राहत नाहीत. व्यापारी नावांना तर सीमाच नाही. ‘फोर्ट’, ‘प्लस’, ‘एसआर’ अशा एखाद्या शेपटाने गोळीतील घटक किंवा तिची तीव्रता बदलते आणि दुकानदार ‘हेच औषध, कंपनी वेगळी’ म्हणून जे देतो, ते हेच आहे की नाही हे ठरविण्याचे साधन नातेवाइकापाशी नसते. हिवतापावरील ‘फाल्सिगो’ आणि ‘फाल्सिटॅब’ या दोन नावांच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली स्पष्ट बजावले होते, की इतर मालाच्या नावांतील सारखेपणाने गिऱ्हाइकाची केवळ गैरसोय होते, औषधांच्या नावांतील सारखेपणा प्राणावर बेतू शकतो. म्हणून औषधांना अधिक कडक कसोटी लावली पाहिजे. त्या निकालालाही आता बरीच वर्षे लोटली. सारख्या नावांची गर्दी काही ओसरलेली नाही.

तिसरी गोष्ट थंडाव्याची. इन्सुलिन, प्रसूतीनंतरचा रक्तस्राव थांबविण्यासाठी वापरले जाणारे ऑक्सिटोसिन यांसारखी औषधे दोन ते आठ अंश तापमानात ठेवावी लागतात. वैशाखातल्या दुपारी विदर्भातील एखाद्या तालुक्याच्या गावी ही कुपी सायकलच्या हँडलला लटकणाऱ्या पिशवीतून आली, किंवा अतिकाळजीने ती बर्फाच्या तुकड्यांत घालून गोठविली गेली, तर तिचे रंगरूप कित्येकदा तसेच राहते, पण गुण गेलेला असतो. परिचारिकेला ते नुसत्या डोळ्यांनी ओळखता येत नाही.

एवंच, बाहेरचे औषध वापरण्यात खरा धोका आहे. पण तो धोका नातेवाइकाच्या अप्रामाणिकपणातून किंवा कंजूषपणातून येत नाही. ज्याला वैद्यकाचे कोणतेही शिक्षण नाही अशा माणसाला आपण औषधाच्या साखळीतील एक कडी बनविले आहे आणि त्याच्यामागे तपासणारी दुसरी कडी ठेवलेली नाही, यातून तो येतो.

घरून आलेली पिशवी

आतले आणि बाहेरचे यांच्या वादात आणखी एका औषधाकडे सर्वांचेच दुर्लक्ष होते. ते म्हणजे रुग्ण घरून स्वतःसोबत आणतो ते. साठी उलटलेला माणूस दाखल होतो, तेव्हा उशाशी त्याची गोळ्यांची डबी असते. रक्तदाबाची एक, साखरेची एक, रक्त पातळ करणारी एक; शिवाय शेजाऱ्याने सुचविलेले एखादे चूर्ण. नर्सिंग होममध्ये डॉक्टर रक्तदाबासाठी मेटोप्रोलॉल लिहितात. घरी चालू असलेली गोळीही मेटोप्रोलॉलचीच असते, पण तिचे व्यापारी नाव वेगळे असते. सकाळी परिचारिका एक देते, रात्री पत्नी सवयीने दुसरी देते. दोघींनीही आपले कर्तव्यच केलेले असते. नाडी का मंदावली, याचा शोध मात्र तिसऱ्या दिवशी सुरू होतो.

शस्त्रक्रियेसाठी उपाशी ठेवलेला मधुमेही रुग्ण पहाटे नेहमीप्रमाणे साखरेची गोळी घेऊन बसतो. रक्त पातळ करणारे औषध चालू आहे हे सांगावयाचे राहून जाते आणि ते शस्त्रक्रियेच्या टेबलावर कळते. संधिवातासाठी आठवड्यातून एकदाच घ्यावयाची मेथोट्रेक्सेटची गोळी कोणी रोजच्या यादीत लिहून ठेवतो आणि ती चूक जिवावर बेतते. हे प्रकार जगभरच्या वैद्यकीय वाङ्मयात पुन्हा पुन्हा नोंदविले गेले आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७मध्ये औषधांच्या वापरातील टाळता येण्याजोगी गंभीर हानी पाच वर्षांत निम्म्यावर आणण्याची मोहीम हाती घेतली, तेव्हा अशा चुकांपायी जगाचे दरवर्षी सुमारे ४२ अब्ज डॉलरांचे नुकसान होते, असा तिचा अंदाज होता. रुग्ण एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जातो ती वेळ, म्हणजे घरून रुग्णालयात आणि रुग्णालयातून घरी येण्याची वेळ, या मोहिमेने विशेष धोक्याची मानली होती. आपल्याकडे डिस्चार्ज कार्डावर नव्या औषधांची यादी असते. जुन्यांपैकी कोणती बंद करावयाची, याचा उल्लेख बहुधा नसतो. म्हणून रुग्ण दोन्ही घेत राहतो.

हजर नसलेला माणूस

या सगळ्या साखळीत एक माणूस असावा, असे कायद्याने फार पूर्वीच ठरविले होते. १९४८च्या फार्मसी कायद्याने डॉक्टरांच्या चिठ्ठीवरून औषध देण्याचे काम नोंदणीकृत फार्मासिस्टचे आहे, असे सांगितले. परंतु डॉक्टरांना स्वतःच्या रुग्णांना औषध देण्यासाठी या बंधनातून सूट आहे. खेड्यातील एकट्या डॉक्टरच्या दृष्टीने ती रास्तही होती. तिचा परिणाम असा झाला, की फार्मासिस्टचे काम दुकानाच्या फळीपाशी संपते आणि नर्सिंग होमच्या खोलीत त्याचे पाऊल पडत नाही. दुकानात तरी तो असतो काय? राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१२च्या सुमारास दुकानात फार्मासिस्ट प्रत्यक्ष हजर हवा असा आग्रह धरला, तेव्हा विक्रेत्यांनी दुकाने बंद ठेवून निषेध केला, याचे स्मरण अनेकांना असेल. प्रमाणपत्र भिंतीवर आणि माणूस भलतीकडे, ही आपली जुनी रीत आहे.

मग उरते ती परिचारिका. रात्रपाळीला वीस खाटांमागे एक किंवा दोन. फोन तिनेच घ्यावयाचा, सलाइन तिनेच बदलावयाचे, नातेवाइकांना उत्तरे तिनेच द्यावयाची. तिच्या टेबलावर पाच खाटांच्या पाच पिशव्या येऊन पडतात. पोटॅशियम क्लोराइडची तीव्र कुपी आणि शुद्ध पाण्याची कुपी, दोन्हींतील द्रव रंगहीन. पहिली न मिसळता शिरेत गेली तर हृदय बंद पडते. अशी चूक घडली म्हणजे वृत्तपत्रांत मथळा येतो, परिचारिका निलंबित होते आणि व्यवस्था आहे तशीच पुढे चालू राहते.

लहान नर्सिंग होमच्या चालकांचे म्हणणे येथे ऐकून घेतले पाहिजे. वीस खाटांसाठी तीन पाळ्यांत तीन फार्मासिस्ट आम्हांस परवडणार नाहीत, असे ते म्हणतात, आणि ते खरे आहे. मध्यमवर्गाला परवडणारी वैद्यकीय सेवा आजही बव्हंशी अशाच लहान संस्था देतात. त्या मोडल्या तर रुग्ण मोठ्या पंचतारांकित रुग्णालयांच्या हवाली होईल. तेव्हा उपाय असा हवा, की जो वीस खाटांच्या ठिकाणीही अमलात येईल.

काय करता येईल

पहिली गोष्ट म्हणजे ‘आमची जबाबदारी नाही’ हे वाक्य आणि तशी लेखी कबुली घेण्याची पद्धत शुश्रूषागृहांच्या नियमांतून स्पष्ट शब्दांत बाद केली पाहिजे. औषध कोठून विकत घ्यावयाचे हे ठरविण्याचा हक्क नातेवाइकाचा. ते शरीरात सोडण्यापूर्वी तपासण्याचे कर्तव्य मात्र सुई ज्याच्या हाती आहे त्याचे. हे कर्तव्य पावतीच्या मागे सही घेऊन दुसऱ्याच्या गळ्यात घालता येणार नाही. वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याच्या कक्षेत येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५मध्येच ठरविले आहे. जी संस्था सेवेचे मूल्य घेते, तिने सेवेचा सर्वांत नाजूक भाग अंगाबाहेर टाकावा, हे त्या तत्त्वाशी सुसंगत नाही.

दुसरी गोष्ट एका साध्या वहीची. औषध आतून येवो वा बाहेरून, ते टेबलावर येताच नाव, तीव्रता, बॅच क्रमांक, मुदत, वेष्टनाची स्थिती आणि पावती या सहा गोष्टी पाहून नोंद व्हावी आणि तेथे दोन सह्या असाव्यात. इन्सुलिन, पोटॅशियम, रक्त पातळ करणारी इंजेक्शने अशा मोजक्या औषधांच्या बाबतीत दुसऱ्या व्यक्तीने पुन्हा पडताळणी केल्यावाचून ते देऊ नये. रुग्णालयांना गुणवत्तेची मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाच्या मानकांत बाहेरून आणलेल्या औषधांसाठी निश्चित कार्यपद्धती असावी, अशी अट पूर्वीपासून आहे. ती मान्यता घेणे ऐच्छिक असल्यामुळे लहान नर्सिंग होमपर्यंत ती अट पोहोचलीच नाही. ती नोंदणीच्या नियमांत यावी. ऑगस्ट २०२३पासून तीनशे प्रमुख व्यापारी नावांच्या औषधांवर क्यूआर कोड छापणे सक्तीचे आहे. मोबाइल फोन आज प्रत्येक परिचारिकेच्या खिशात असताना तो कोड तपासावयास अर्धे मिनिट पुरते.

तिसरी गोष्ट, काही औषधांच्या बाबतीत ‘बाहेरून आणा’ असे म्हणण्याची मुभा रुग्णालयालाच नसावी. तातडीची औषधे, थंडाव्यात ठेवावयाची औषधे आणि चूक झाल्यास प्राण घेणारी औषधे यांची छोटी यादी शासनाने करावी आणि त्यांचा साठा नर्सिंग होमने स्वतः ठेवावा. मात्र त्यांच्या विक्रीवर खरेदी किमतीच्या प्रमाणात नफ्याची मर्यादा घालावी. ज्या औषधाच्या बाबतीत रुग्णाला निवड नाही, तेथे किंमत ठरविण्याची मोकळीक विक्रेत्यालाही नको, हा साधा न्याय आहे.

चौथी गोष्ट, चिठ्ठी मूळ औषधी नावाने, तीव्रतेसह आणि सुवाच्य लिहिली जावी. डॉक्टरांच्या आचारसंहितेत २०१६ साली झालेली दुरुस्ती हेच सांगते. प्रश्न तिच्या अंमलबजावणीचा आहे. पाचवी गोष्ट, दाखल होताना रुग्णाच्या घरच्या औषधांची यादी करून ती औषधे बाजूला ठेवावीत आणि घरी जाताना कोणती चालू ठेवावयाची व कोणती थांबवावयाची, हे कार्डावर मराठीत लिहून द्यावे. यांपैकी एकाही गोष्टीला नवी इमारत लागत नाही की परदेशी यंत्र लागत नाही.

नियम केले म्हणजे ते पाळले जातात, असे समजण्याइतके आपण कोणी भाबडे नाही. शुश्रूषागृहांच्या नोंदणीचे काम शहरांत महापालिकेच्या आरोग्य खात्याकडे आणि अन्यत्र बव्हंशी जिल्हा शल्यचिकित्सकांकडे आहे. नूतनीकरणाच्या वेळी जागा, खाटा आणि अग्निशमनाचा दाखला पाहिला जातो. त्याच वेळी औषधांची वही आणि शीतपेटीतील तापमानाची नोंदही पाहिली जावी. एवढे झाले तरी चालकांना कोणत्या गोष्टीचे महत्त्व आहे ते कळेल.

आणि आपण वाचकांनीही काही करावयास हवे. नोकरदार माणूस वैद्यकीय देयकांच्या प्रतिपूर्तीसाठी प्रत्येक पावती जपून ठेवतो, तिच्यावर क्रमांक घालतो, बेरजा दोनदा तपासतो. पैशासाठी आपण जी काळजी घेतो, तिचा चौथा हिस्सा औषधासाठी घेतली तरी पुष्कळ. घरातील प्रत्येक वृद्ध माणसाच्या औषधांची यादी, मूळ नावे व मात्रा यांसह, एका कागदावर लिहून त्याच्या पाकिटात ठेवावी. दुकानदाराने नाव बदलून दिले तर ते डॉक्टरांना दाखविल्याखेरीज देऊ नये. पिशवी टेबलावर ठेवून मागे वळण्याऐवजी, ‘सिस्टर, हे बरोबर आहे ना, एकदा पाहून घ्या,’ एवढे म्हणण्याचा संकोच करू नये. औषधाचा अनिष्ट परिणाम दिसला तर त्याची नोंद करण्यासाठी केंद्र सरकारच्या औषधदक्षता कार्यक्रमाचा १८००-१८०-३०२४ हा विनामूल्य दूरध्वनी आहे आणि तो डॉक्टरांप्रमाणे रुग्णांसाठीही आहे.

अर्थात नातेवाइकाची दक्षता ही शेवटची तटबंदी झाली; पहिली नव्हे. ज्याचा बाप आत खाटेवर आहे, त्या माणसाने रात्री अकरा वाजता औषधशास्त्राची परीक्षा द्यावी, अशी अपेक्षा करणारी व्यवस्था न्याय्य म्हणता येणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने धोरण ठरविण्याचे काम राज्यांवर सोपविले आहे. महाराष्ट्र शासनाने फलक लावून आरंभ केला आहे. तो फलक नातेवाइकाला दाराबाहेर जाण्याची वाट दाखवितो. आता तो औषध घेऊन परत येईल तेव्हा पिशवीतील प्रत्येक कुपी पाहून घेणारा, तिच्याबद्दल उत्तरदायी असणारा एक माणूस टेबलापाशी उभा असेल, याची हमी शासनाने द्यावी.